पान एकाहत्तरवरचं घुबड

नाव : शिवपुत्र नागाप्पा हत्तरकी. हुद्दा : बाइंडर-नि-शिपाई, अर्धवेळ (सकाळी आठ ते बारा व दुपारी चार ते आठ). शिक्षण : कानडी चौथी, मराठी कामापुरते. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यास दाभण लागल्याचा जुना व्रण. चित्रकला, हस्तकला वा तत्सम अंगभूत गुण : निरंक. वर्तणूक : समाधानकारक. बोलण्यात उद्धटपणा आढळतो, परंतु तो प्रांतिक असावा.

हा तपशील आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या सेवापुस्तकात १९६२ साली तात्या गर्द्यांनी स्वहस्ते लिहिला. तात्या वाचनालयाचे चिटणीस. कोर्टात शिरस्तेदार होते, आणि निवृत्तीनंतर घरात हुकूम देण्याजोगं कुणी उरलं नाही म्हणून वाचनालयात आले. त्यांचं अक्षर सुंदर होतं. त्यांनी लिहिलेली गोष्ट खोटी असू शकते हे पटायला माणसाला वेळ लागे.

त्याच वर्षी वाचनालयात कुमार विभाग निघाला. विभाग म्हणजे एक काचेचं कपाट. बारा ते सोळा वयाच्या मुलांनी काय वाचावं याबद्दल समितीची मतं ठाम होती: थोरांची चरित्रं, आणि थोर होण्याआधी थोरांनी केलेल्या खोड्या, त्याही माफक. या चरित्रांच्या गठ्ठ्यात पुण्याहून एक वेगळं पुस्तक आलं. «सुटीतील सात्त्विक उद्योग», पृष्ठे शहाण्णव. नावातल्या ‘सात्त्विक’मुळे कुणी ते उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की ते छंदांचं पुस्तक आहे: मुखवटे, कागदी घरं, बाहुल्या, ठसेकाम. प्रस्तावनेत लेखक म्हणत होता की प्रत्येक मुलाच्या मनात काहीतरी स्वतःचं असतं, त्याला हातांवाटे बाहेर येऊ द्यावं. पुस्तक कुठल्याशा इंग्रजी पुस्तकावर बेतलेलं होतं आणि बेतताना हवामान बदलायचं राहून गेलं होतं. ‘अंगणातील देवदाराखाली पडलेली फळे गोळा करा’ असं तेराव्या पानावर होतं. कोल्हापुरात हे वाचून मुलं अंगणात जात, चिंचेखाली उभी राहात आणि परत येत.

पान एकाहत्तरवर घुबडाचा मुखवटा होता. ‘घुबड हा विद्वान पक्षी आहे’ असं त्याखाली छापलेलं. आमच्याकडे शाळेत ज्याला घुबड म्हणतात त्याला पहिल्या बाकावर बसवत नाहीत. पण ते असो. मुखवट्याभोवती तुटक रेघ होती आणि कात्रीचं छोटं चित्र. शेजारी आज्ञा होती : ‘येथे कापा.’

वाचनालयाचा नियम अकरा असा : ‘पुस्तकाचे पान कापणारा, दुमडणारा वा मळवणारा वाचक वर्गणीदार राहणार नाही.’ कापण्यासाठी छापलेलं पुस्तक, न कापण्याच्या अटीवर, समितीने विकत घेतलं होतं आणि प्रत्येक चित्राच्या पानावर वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का मारून ठेवला होता. एकाहत्तराव्या पानावर तो घुबडाच्या कपाळाच्या मधोमध बसला.

पुस्तकाने पहिली दोन वर्षं कपाटात काढली. १९६४ च्या मे महिन्यात लीला साळोखेनं ते नेलं. तेरा वर्षांची मुलगी, बाप तालमीत वस्ताद, आवाज बापाचा. आठव्या दिवशी तिनं पुस्तक परत आणलं तेव्हा एकाहत्तराव्या पानाला घुबडाच्या आकाराचं भोक होतं आणि त्यातून त्र्याहत्तरावं पान दिसत होतं.

“हे काय आहे?” तात्या म्हणाले.

“पुस्तकातच लिवलंय की, कापा म्हणून.”

“नियम अकरा वाचलास?”

“त्यो भितीवर हाय. पुस्तक माज्या हातात हुतं.”

तात्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ युक्तिवाद कोणत्याही वकिलाने केला नव्हता. आणि तोंडी हरले की ते लेखी हुकूम काढत. त्यांनी कागद ओढला नि लिहिलं : ‘बाइंडर यांनी सदर पान पूर्ववत करावे.’

त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. बहुधा, भोकामागे कोरा कागद चिकटवावा. पण शिवपुत्रनं हुकूम दोनदा वाचला. पूर्ववत म्हणजे पूर्वी होतं तसं. पूर्वी तिथं घुबड होतं. त्यानं लीलाला विचारलं, “मुखवटा कुटं हाय?”

“घरात. पिवळा रंगीवलाय.”

“आन जा. उद्या परत देतो.”

दुपारी बारा ते चार वाचनालय बंद असे. शिवपुत्र तेव्हा मागच्या खोलीत गव्हाच्या पिठाची खळ शिजवी, तीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकी आणि फाटकी पुस्तकं शिवी. त्या दुपारी त्यानं लीलाचा मुखवटा कागदावर ठेवून कडा गिरवली, डोळे मोजले, पिसं मोजली, आणि टाकानं घुबड काढलं. खालचा मजकूर छापल्यासारख्या अक्षरात लिहिला. शेवटी कपाळावरचा शिक्काही काढला, जांभळ्या शाईत, गोल, आतल्या सगळ्या अक्षरांसकट. खरा शिक्का तात्यांच्या खणात कुलपात होता. पण तो मागावा असं शिवपुत्रला वाटलंच नाही. पानावर जे होतं ते पानावर आलं पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं.

भोकाचं पान शिवणीपाशी कापून नवं पान उरलेल्या बुंध्याला असं चिकटवलं की बोट फिरवलं तरी सांधा लागेना. तात्यांनी पुस्तक चाळलं, घुबड पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. भोक कुठे गेलं हे त्यांनी विचारलं नाही. हुकुमाची अंमलबजावणी झाली की तात्यांचं कुतूहल संपे.

पोरांना मात्र कळलं की या पुस्तकातलं पान कापलं तर परत उगवतं.

त्यानंतर चौदा वर्षं हे चाललं. पुस्तक जाई, भोक घेऊन येई, शिवपुत्र बंद दुपारी भोक भरी. कधी घुबड, कधी कागदी घर, कधी बाहुली. मुलाला तो बोलत असे, पण कापल्याबद्दल नाही. “कात्री बोथाट व्हती काय रं? कडा बघ, उंदरानं खाल्ल्यागत.” दुसऱ्या वेळी ते पोर कात्रीला धार लावून येई.

एकदा त्यानं घुबड घरी न्यायचं ठरवलं, रात्री करू म्हणून. बायकोनं, रत्नव्वानं, उंबऱ्यातच अडवलं. “गूबे हाय न्हवं त्ये?” गूबे म्हणजे कानडीत घुबड. “घरात गूबे काडायचं न्हाई. तुमच्या त्या लायब्ररीत काय काडायचं ते काडा. तिकडं कोन मेलं तर समिती बघून घील.” तेव्हापासून सगळं काम मागच्या खोलीतच.

रंगपंचमीला पेठेत एकदम पाच-सात घुबडं हिंडताना दिसू लागली, प्रत्येकाच्या कपाळावर वाचनालयाचा शिक्का. तात्यांना तो वाचनालयाचा प्रचार वाटला आणि त्यांनी वार्षिक अहवालात तसं नमूदही केलं.

पानं बदलत गेली ती कुणी ठरवून नव्हे. छापलेला नमुना कधीच गेला होता. शिवपुत्र आपल्याच मागच्या चित्रावरून, नाहीतर आठवणीतून पुढचं काढी. आठवण ही काही कार्बन नव्हे. धुराच्या चिमणीचं विलायती घर होतं, त्याची चिमणी तिसऱ्या वेळी बारीक झाली आणि पाचव्या वेळी नाहीशी. तिथं खापऱ्या आल्या, मग पुढं ओसरीसारखा सोपा आला, सोप्यात जनावराचं दावं आलं. मजकुराचंही तेच. एक मुलगी देवदार शोधून शोधून रडत आली, तेव्हा पुढच्या वेळी ते पान लिहिताना त्यानं ‘सुरूची बोंडे’ लिहिलं. ‘लोकरीचे जाड कापड’ होतं तिथं ‘शिंप्याकडच्या चिंध्या, मागून’ असं झालं. ‘मागून’ हा शब्द मूळ लेखकाला सुचला नसता. घुबडही हळूहळू भुवया उंचावू लागलं. विद्वान ते राहिलंच, पण आता त्याला कोल्हापूरची माहिती होती.

कुणी विचारलं की शिवपुत्र म्हणे, “दुरुस्ती हाय.” चित्र छान आहे म्हटलं तर त्याला राग येई. त्याच्या धंद्यात एक गोष्ट पक्की होती, ती तो मुलांनाही सांगे. “चांगलं बाइंडिंग दिसत न्हाई. दिसलं की समजायचं, बिगडलं.”

१९७८ च्या पावसाळ्यानंतर अनुदानाच्या तपासणीसाठी एक तपासनीस आले. नोंदवही आणि कपाटं ताडून बघत ते कुमार विभागात पोचले. «सुटीतील सात्त्विक उद्योग» चाळायला त्यांनी, आपण सगळेच करतो तसं, बोट जिभेला लावलं. एकाहत्तराव्या पानावरून ते उचललं तेव्हा वाचनालयाचा शिक्का त्यांच्या बोटावर आला होता.

त्यांनी दुसरं पान तपासलं. मग ओल्या रुमालाने सगळी तपासली. शहाण्णवपैकी अठ्ठावन्न पानं हाताने काढलेली निघाली. वाचनालयाच्या शिक्क्याच्या एकोणीस नकला सापडल्या. तपासनिसांनी शेरा लिहिला आणि तो त्यांच्या दृष्टीने बिनतोड होता : ‘नोंदीतील ग्रंथ प्रत्यक्षात नाही. प्रत्यक्षात जो आहे तो नोंदीत नाही. नोंदीतील ग्रंथ गहाळ म्हणून बाद करावा. प्रत्यक्षातील, विनानोंद कागद या सदराखाली, पंधरा दिवसांत रद्दीत काढावा.’

शिवपुत्रला कुणी शिक्षा केली नाही. त्यानं तात्यांचा ‘पूर्ववत करावे’ हा हुकूम जपून ठेवला होता, तो दाखवला. त्याखाली तात्यांचीच सही होती, त्यामुळे चौकशी तात्यांपर्यंत पोचून तिथंच विसावली. पण रद्दीचा शेरा कायम राहिला. शिवपुत्र पुस्तक रद्दीच्या टोपलीत ठेवून आला, मग पाणी प्यायला म्हणून गेला आणि येताना त्यानं ते काढून टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. असं चार दिवस चाललं. पाणी तो सहसा इतकं पीत नसे.

लीला साळोखे आता सत्तावीस वर्षांची होती, एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होती आणि समितीवर महिला प्रतिनिधी होती. नियमांचं पुस्तक समितीत तिच्याइतकं कुणी वाचलेलं नव्हतं. लहानपणी एकदा नियमानं अडवलं की माणूस नियम वाचतो. तिला एक कलम सापडलं : कोणाही व्यक्तीस स्वतःची निर्मिती वाचनालयास भेट देता येईल. त्यासाठी एक अर्ज होता. ‘लेखकाचे नाव’ आणि खाली घोषणा : ‘सदर ग्रंथ ही माझी स्वतःची निर्मिती आहे.’ तो घेऊन ती मागच्या खोलीत गेली.

“मामा, सही करा.”

शिवपुत्रनं अर्ज वाचला. “माजी निर्मिती कशी? म्या दुरुस्ती केली.”

“मूळ पुस्तकात सोप्यात दावं हुतं काय?”

“न्हवतं.”

“मग कुणी बांदलं?”

“त्ये... जागा मोकळी व्हती.”

“मामा!”

“लीलाबाई, ऐका. चौदा वर्सं म्या सांगितलं, माजा हात त्यात दिसत न्हाई. आता लिहून दिऊ व्हय, की समदा माजाच हात हाय? म्हंजी म्या इतकी वर्सं वाईट बाइंडर व्हतो.”

हे लीलाला अपेक्षित नव्हतं. तिला वाटलं होतं माणूस लाजत असेल. तो लाजत नव्हता. तो आपल्या कामाची अब्रू राखत होता, आणि ती राखायची तर काम रद्दीत जाणार होतं.

ती खळीच्या भांड्याशेजारी स्टुलावर बसली. “मी पयलं घुबड कापलं न्हवं, छापलेलं? त्येचं काय झालं मला आटवत न्हाई. दोन वर्सांनी माज्या भणीनं कापलं, ते तुमचं. ते आमच्या आईनं अजून भितीवरनं काडू दिलं न्हाई. घुबड हाय तरी.”

शिवपुत्र खळ ढवळत राहिला.

“न्हाई सही केली तर शुक्रवारी रद्दीवाला येतोय,” लीला म्हणाली आणि अर्ज ठेवून गेली.

गुरुवारी सकाळी समितीची बैठक होती. अध्यक्ष अप्पा घोरपडे. त्यांच्या पंचवीस म्हशी होत्या आणि वाचनालयाचा अध्यक्ष वाचणारा असलाच पाहिजे असं घटनेत कुठे म्हटलेलं नव्हतं. शिवपुत्र अर्ज घेऊन आला. नाव लिहिलेलं नव्हतं. तो दारात उभा राहिला.

“आत ये की, पावण्यागत काय हुबारलास?” अप्पा म्हणाले.

तात्यांनी चष्मा काढला. “घोषणेवर सही करण्यापूर्वी एक सांगतो. ही निर्मिती आहे याला पुरावा लागेल. इथे पाहून काढलंय आणि तिथे मनाने, हे कोण ठरवणार? कोर्टात समक्ष प्रात्यक्षिक मागतात.” तात्या दुष्ट नव्हते. चौकशीत त्यांचं नाव आलं होतं आणि आता त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची होती. “एकाहत्तरावं पान तपासनिसांनी पुराव्यादाखल कापून नेलं आहे. ते भरून दाखवा. इथे, आमच्यासमोर.”

लीला काही बोलणार होती. शिवपुत्रनंच हात वर केला. टाक, दौत आणि कागद आणून तो टेबलाच्या टोकाला बसला. मग म्हणाला, “नमुना द्या.”

“नमुना दिला तर ती नक्कल होईल,” तात्या म्हणाले.

“घुबडाचा बी न्हाई?”

“कशाचाच नाही.”

तो कोऱ्या कागदाकडे बघत राहिला. समितीने इतर विषय हाती घेतले. दिव्यांच्या तक्रारी, मासिकांचं उशिरा येणारं टपाल. चहा आला, चहा संपला. शिवपुत्रचा टाक अजून कोरडा होता. आयुष्यभर त्यानं जे होतं ते परत आणलं होतं. जे नव्हतंच ते कुठून आणायचं असतं याची त्याला खरोखर कल्पना नव्हती. लीला रोज वर्गात पन्नास मुलांना ‘मनाने चित्र काढा’ असं सांगत असे. हे सांगणं किती सोपं आहे हे तिला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, असं तिनं नंतर सांगितलं.

मग त्यानं टाक बुडवला आणि आधी तुटक रेघ काढली. बाहेरची, कापायची. चित्र नंतर. रेघ वर जाऊन दोन्ही बाजूंना लांब पसरली तेव्हा लीलाला वाटलं पंख असतील. ती शिंगं होती. मग रुंद कपाळ आलं, मग आडवे कान, मग डोळ्यांची भोकं. गंगावेशीत कट्ट्यावर दूध काढायला म्हशी उभ्या असतात, आजूबाजूला तांबे घेऊन गर्दी आणि ह्या कुणाकडेच बघत नाहीत, तसा तो चेहरा होता. कशाचंही आश्चर्य न वाटणारा. घुबडापेक्षा बराच विद्वान.

अप्पा उठून आले आणि पहिल्यांदाच त्यांनी वाचनालयातली एखादी गोष्ट दोन मिनिटं सलग पाहिली. “आरं, ही आमची चांदी हाय की! ह्ये डावं शिंग बघा, खालनं वाकडं. व्हय का न्हाई?”

“मला काय म्हाईत,” शिवपुत्र म्हणाला. “येता-जाता बगितली आसंल.”

खाली त्यानं मजकूर लिहिला : ‘म्हैस. कोणी काही बोलले तरी हा मुखवटा घालून उभे राहावे.’ टाक पुसला.

तात्यांनी कागद उजेडाकडे धरून बारकाईने पाहिला. “शिक्का राहिला.”

“त्यो तुमी मारा.”

“इतकी वर्षं तुम्हीच काढत होतात.”

“त्यो कागद वाचनालयाचा व्हता. ह्यो माजा हाय.” शिवपुत्र एवढं बोलून थांबला. आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं असावं, कारण त्याचे कान तांबडे झाले. “तुमाला दिला की मग तुमचा. मग मारा.”

लीलानं अर्ज त्याच्यासमोर सरकवला. लेखकाच्या रकान्यात त्यानं आपलं नाव, एरवी तीन ओळी लिहून होतील इतक्या सावकाश लिहिलं, आणि ‘लेखकाचा व्यवसाय’ या रकान्यात ‘बाइंडर’ लिहून त्याखाली रेघ मारली. तात्यांनी खण उघडला, शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि म्हशीचं कपाळ टाळून खालच्या कोपऱ्यात मारला.

त्याच दुपारी नवीन नोंद झाली. तात्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुंदर आहे : ‘दाखल क्र. ४२०६. «सुटीतील सात्त्विक उद्योग». लेखक : शि. ना. हत्तरकी. कुमार विभाग. पृष्ठे शहाण्णव, सर्व तपासली. ग्रंथ संपूर्ण व सुस्थितीत.’

पुढच्या सोमवारी म्हैस कुणीतरी कापून नेली.